थेंब घेऊनही

मुकुटबनला दिवाळीनंतर थंडी पडू लागली की तान्ह्यांच्या हगवणीचे दिवसही येतात. गेल्या हिवाळ्यात चुलतभावाच्या नऊ महिन्यांच्या मुलाला ओकाऱ्या, पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. "दात येऊन रायले, होईल कमी," काकू म्हणाल्या. दोन दिवस त्यातच गेले. टाळू बसली, तेव्हा वणीला नेले. तपासणीत रोटाव्हायरस निघाला. पोरगे वाचले. मग काकूंनी विचारले, "थेंब तर दिले होते नं?"

दिले होते, तिन्ही वेळा. महाराष्ट्रात २०१९ पासून ते सरकारी लसीकरणात आहेत. त्या प्रश्नाचे उत्तर शोधत मी आतड्यात शिरलो.

हा विषाणू लहान आतड्याच्या मखमली अस्तरातील अंकुरांच्या टोकावरच्या पेशी गाठतो. त्याला ओळखून प्रतिपिंडे घडवायला शरीराला काही दिवस लागतात. तोवर किल्ला लढवते जन्मजात प्रतिकारशक्ती. तिला शत्रूचे नाव-गाव लागत नाही. विषाणूचा दुहेरी धाग्यांचा आरएनए निरोगी पेशीत सहसा नसतो. तो दिसताच पेशीतले पहारेकरी रेणू इशारा देतात, इंटरफेरॉन बाहेर पडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात.

रोटाव्हायरसची लबाडी इथेच. त्याचे एनएसपी-१ हे प्रथिन इशारा पुढे नेणाऱ्या प्रथिनांना पेशीच्याच मोडतोड-यंत्रणेच्या तोंडी देते. म्हणजे दवंडीवाल्याचाच गळा आवळायचा! दुसरे, एनएसपी-४, विषासारखे वागून आतड्यात पाणी ओतायला लावते. ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारी वाट मात्र बरीच शाबूत राहते, म्हणून ओआरएस चालते. जिवाणूंवरच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही.

आता लस. तिच्यात जिवंत पण दुबळा विषाणू असतो. आतड्यात त्याला थोडे तरी वाढावे लागते. आपल्याकडच्या बाळांच्या आतड्यात अनेकदा दुसरे विषाणू आधीच मुक्कामाला असतात. त्यांनी जागे केलेले पहारेकरी लसीलाही हुसकावत असावेत, असा एक तर्क आहे. पोलिओचे थेंब सोबत दिल्यास पहिल्या डोसचा प्रतिसाद घटतो, हे दिसलेले आहे. पुढच्या डोसांनी ती तूट बरीच भरते. भारतात ही लस तीव्र आजार निम्म्याच्या आसपास टाळते, श्रीमंत देशांत त्याहून पुष्कळ जास्त. आईचे दूध, कुपोषण अशी इतर कारणेही सांगितली जातात.

काकूंना एवढेच सांगितले, की थेंब नसते तर कदाचित दोन दिवस थांबायलाही मिळाले नसते. त्यांनी ओआरएसची पाकिटे देवळीत ठेवली आहेत, दिव्याच्या शेजारी.