ईसीजी नॉर्मल, तरी नाडी १०५

काही माणसांची नाडी स्वस्थ बसलेली असतानाही शंभराच्या आसपास रेंगाळत राहते. रात्री कूस बदलली की उशीत ठोके ऐकू येतात, जिना चढताना छातीत धडधडतं आणि मागोमाग कारण सांगता येत नाही अशी भीती दाटून येते. अशा माणसाला घरी आणि दवाखान्यात मिळून दोनच उत्तरं ऐकायला मिळतात. ईसीजीत काही सापडलं तर ‘हार्टचा प्रॉब्लेम’, नाही सापडलं तर ‘टेन्शन घेता तुम्ही’. जणू हृदय आणि मन यांपैकी कुणा एकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं आहे. या विषयातले बहुतेक गैरसमज या मांडणीतूनच निघालेले आहेत, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात ७२ या आकड्यापासून करावी लागेल. शाळेच्या पुस्तकात मिनिटाला ७२ ठोके पाठ झालेले असतात, त्यामुळे ९० म्हटलं की पोटात गोळा येतो. प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी ६० ते १०० असणं सर्वसाधारण मानलं जातं, आणि ७२ हा काही हृदयाचा स्वतःचा वेग नव्हे. हृदयात ठोके निर्माण करणारा पेशींचा जो पुंजका असतो, त्याला एकटं सोडलं तर तरुण माणसात तो शंभराच्या आसपास किंवा त्याहून थोडा जास्तच चालेल. हृदयप्रत्यारोपणानंतर हे उघड दिसतं. नव्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, म्हणून ते विश्रांतीतही साधारण ९० ते ११०च्या वेगाने चालतं. आपली नाडी सत्तरीत राहते ती मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेमुळे, उतारावर गाडीचा ब्रेक हलका दाबून धरावा तशी. ताप, जागरण, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून राहणं, सततची चिंता यांनी हा ब्रेक सैल होतो आणि वेग वाढतो. वेग वाढला म्हणजे हृदयाचे स्नायू खराब झाले, हा निष्कर्ष त्यामुळे घाईचा ठरतो.

पण म्हणून ‘टेन्शन’ हे पहिलंच निदान करणंही तितकंच घाईचं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला अधिक फेऱ्या माराव्या लागतात. अशा बाईला ‘फार विचार करू नका’ असं सांगून परत पाठवणं हा सरळ निष्काळजीपणा आहे. थायरॉइड जास्त काम करत असेल, किंवा कमी थायरॉइडसाठी घेतलेल्या गोळीचा डोस जास्त झाला असेल, तरी धडधड, हातांना कंप आणि अस्वस्थता असं हुबेहूब चिंतेसारखं चित्र उभं राहतं. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, तंबाखू, सकाळची मशेरी, गरोदरपण, उन्हाळ्यात कमी प्यायलेलं पाणी, ही यादी फॅमिली डॉक्टरांना तोंडपाठ असते. ती विचारण्याइतका वेळ मात्र मिळायला हवा.

आणखी एक आजार इथे हमखास निसटतो. हृदयातल्या विजेच्या वाटेत जादा आडवाट असेल तर एसव्हीटी नावाची धडधड होते. ती बटण दाबावं तशी क्षणात सुरू होते, नाडी बहुधा दीडशेच्या पुढे जाते आणि तशीच क्षणात थांबते. चिंतेची धडधड सहसा चढत जाते आणि ओसरत जाते. डॉक्टरांना आकड्याइतकाच हा तपशीलही सांगावा. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एसव्हीटी असलेल्या १०७ रुग्णांपैकी ६७ टक्के जण पॅनिक डिसऑर्डरच्या निकषांत चपखल बसत होते, आणि निम्म्याहून अधिक जणांचा खरा आजार पहिल्या तपासणीत ओळखला गेला नव्हता. धडधड ‘पॅनिक’च्या खात्यावर टाकली जाण्याचं प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं. नेहमीचा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांची नोंद घेतो. झटका त्या दहा सेकंदांत आला नाही तर कागद स्वच्छच दिसणार. म्हणून २४ तासांचं होल्टर, कधी त्याहूनही लांबची नोंद लागते.

सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या, म्हणजे आता ‘सगळं मनाचं’? इथे दुसरा गैरसमज उभा राहतो. २०२३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या हृदयाचे ठोके प्रकाशाच्या साहाय्याने बाहेरून वाढवले. धोक्याच्या जागी सोडलेले हे उंदीर नेहमीपेक्षा जास्त बिचकू लागले. सुरक्षित जागी मात्र त्यांच्या वागण्यात तसा फरक पडला नाही. मेंदूतल्या इन्सुला या भागाचं काम मंदावलं की ही भीतीही कमी झाली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण माणसांवरचा पुरावाही त्याच दिशेचा आहे. १९८८च्या एका प्रयोगात पॅनिकच्या रुग्णांना त्यांचे ठोके वाढल्याची खोटी खूण ऐकवली, तेव्हा त्यांची चिंता वाढलीच, शिवाय नाडी आणि रक्तदाबही खरोखर वाढले. चिंता ठोके वाढवते आणि ठोके चिंता वाढवतात. या चक्रात आधी काय, हा प्रश्न अनेकदा निरर्थक असतो. शिवाय नाव असलेली दुखणीही आहेत. कारण न सापडता विश्रांतीतली नाडी शंभरापुढे आणि दिवसभराची सरासरी नव्वदच्या पुढे राहिली, आणि त्याचा त्रास होत असला, तर त्याला इनॲप्रोप्रिएट सायनस टॅकिकार्डिया म्हणतात. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत रक्तदाब न घसरता नाडी ३०ने किंवा त्याहून जास्त वाढत असेल, आणि हे महिनोन्‌महिने चालत असेल, तर पॉट्सचा विचार करतात.

सगळ्यात खोल रुतलेली भीती वेगळीच असते: अशा वेगाने हृदय झिजून जाईल, अटॅक येईल. अटॅक येतो तो हृदयाची रक्तवाहिनी तुंबल्याने. नुसत्या जलद ठोक्यांनी ती तुंबत नाही. विश्रांतीतली नाडी जास्त असणाऱ्यांचं आयुर्मान कमी असतं, असं मोठ्या पाहण्यांत दिसतं, हे खरं. पण तिथे नाडी बऱ्याचदा दुसऱ्याच कशाची तरी बातमी देत असते: धूम्रपान, बैठी सवय, लपलेला आजार. काही विकारांत हृदय आठवडेच्या आठवडे न थांबता सुसाट धावतं आणि खरंच कमकुवत होतं. टूडी इकोवर ते दिसतं. इतर कारण नसलेल्या सायनस टॅकिकार्डियात मात्र असं क्वचितच घडतं.

उपचारांबद्दलही गोंधळ आहे. ‘बीपीची गोळी मला कशाला?’ असं विचारून प्रोप्रॅनोलॉल ड्रॉवरमध्ये टाकणारे पुष्कळ. जेम्स ब्लॅक यांनी साठच्या दशकात विकसित केलेलं हे औषध ॲड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम अडवतं, त्यामुळे चक्राची एक कडी ढिली होते. दमा असलेल्यांना ते चालत नाही, आणि कुणीही ते एकदम बंद करू नये. चिंतेसाठीचं समुपदेशन दुसरी कडी सोडवतं. दोन्ही घेतले म्हणजे दोन आजार कबूल केले, असं नव्हे. पडून राहणं हा उपाय तर उलटाच बसतो: विश्रांतीने शरीर ढेपाळतं आणि थोड्याशा श्रमानेही नाडी पळते. तपासण्या झाल्यावर रोजचं चालणं हळूहळू वाढवत नेलं, की ठोके वाढणं आणि संकट येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शरीराच्या अंगवळणी पडतं.

राहतं ते मोजणं. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आता धास्तावलेल्या माणसाच्या खिशात राहतो. दिवसातून वीसदा बोट घातलं, की आकडा पाहण्याच्या धसक्यानेच पाच-दहा ठोके वाढतात आणि पुढची वीस बोटं त्यातूनच निघतात. सकाळी पाच मिनिटं शांत बसून एकदा मोजावं, वहीत लिहावं, बास. यावर कुणी म्हणेल, मोजलं नाही तर खरा धोका निसटेल. पण धोक्याच्या खुणा सहसा ९८चे १०४ होण्यात नसतात. शुद्ध हरपणं, व्यायाम करताना चक्कर येऊन पडणं, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, यांपैकी काहीही असेल तर हृदयरोगतज्ज्ञांकडे लगेच जावं. आणि छातीत दाब येऊन तो जबड्याकडे किंवा हाताकडे सरकत असेल, दम लागून घाम फुटला असेल, किंवा बसल्या जागी नाडी दीडशेच्या पुढे जाऊन उतरतच नसेल, तर वही बाजूला ठेवून १०८ला फोन करावा.