जुन्या मोटारीचे हेड बदलताना ‘ईसीयू’ही जुळवा

लासुर्णे - मारुती ८०० ही मोटार १९८३ मध्ये कार्ब्युरेटरच्या ७९६ सीसी इंजिनासह रस्त्यावर आली. पुढे त्याच क्षमतेचे बारा व्हॉल्व्हचे एमपीएफआय इंजिनही आले. अशा जुन्या मोटारीला नवे हेड ब्लॉकवर नीट बसले, तरी काम संपत नाही. हवेचे प्रमाण व कॉम्प्रेशन बदलल्याने इंधन आणि ठिणगीची वेळही बदलावी लागते. हिशेब चुकल्यास इंजिन ‘नॉक’ होऊन पिस्टन निकामी होऊ शकतो.

त्यासाठी तीन पर्याय आहेत. कार्ब्युरेटर ठेवल्यास जेट व डिस्ट्रिब्युटरचे टायमिंग नव्याने जुळवावे लागते. दुसरा पर्याय म्हणजे ज्या मोटारीचे हेड, तिचाच ईसीयू, वायरिंग, सेन्सर, इंजेक्टर व इंधनपंप घेणे. तिसरा, प्रोग्रामेबल ईसीयू. मात्र तो लॅपटॉपवर ट्यून करणारा जाणकार हवा.

बारामती-इंदापूर रस्त्यावरील रोजच्या प्रवासासाठी दुसरा पर्याय सोयीचा ठरतो. बिघाड झाल्यास नेहमीच्या मेकॅनिकला तो शोधता येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते. त्यामुळे कामापूर्वी आरटीओत विचारणा आणि कामानंतर पीयूसी तपासणी करून घेणे हिताचे.