मुंबईत दोन दिवस, एक रात्र

श्रोतेहो, शनिवार-रविवार मुंबईला निघालात, तर सारी मुंबई पाहण्याचा हट्ट गावीच ठेवून या. दिवसाला एक संग्रहालय पुरे.

शनिवारी भायखळ्याला राणीच्या बागेलगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहा. १८७२ साली उघडलेले हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय. जुन्या काळचे कारागीर आणि त्यांचे पेहराव तिथे मातीच्या लहानशा बाहुल्यांतून दिसतात. रविवारी फोर्टातले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. गुरुजींनी तीनच वस्तू नीट न्याहाळाव्यात. वर्गात सांगायला तेवढ्या पुष्कळ होतात.

आता रात्र. संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर वारा खा, मग दादरच्या शिवाजी मंदिरात नाटक पाहा. कुणाला बारमध्ये जायचेच असेल, तर ध्यानात ठेवा, १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. पिण्याला परवाना लागतो. वयाची अट बियरला २१ वर्षे, कडक दारूला २५. दरपत्रक आधी वाचा, मगच मागवा.

आणि परतीची लोकल आधीच ठरवा. रात्री एकच्या सुमारास गाड्या थांबतात, त्या पहाटेच सुरू होतात. ती चुकली, तर मौजेपेक्षा टॅक्सीच महाग पडायची!