आंबवणाची गोष्ट (भाग ७) : बार्ली नाही, मळी आहे

वेल्सच्या बिअरचा मुक्काम गेल्या आठवड्यात लॅनेली गावापाशी थांबला होता. तिथल्या फेलिनवॉइल ब्रुअरीने १९३५ साली पत्र्याच्या डब्यात बिअर भरली आणि युरोपात पहिला नंबर मारला. डब्यातली बिअर काही जास्त चवदार लागत नव्हती. लॅनेलीत कल्हईच्या पत्र्याचे कारखाने होते, मंदीत त्या पत्र्याला उठाव नव्हता, आणि गिऱ्हाईक शेजारीच सापडलं. गावात काय प्यायलं जातं हे पुष्कळदा शेजारच्या कारखान्यात काय पडून आहे यावरून ठरतं, असं माझं मत आहे. ते तपासायला आज कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरच्या बिद्रीला जाऊ.

कागल तालुक्यातल्या या गावात दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे. वसाहतीचं नाव मौनीनगर, पाटगावच्या मौनी महाराजांवरून. साधुपुरुषाच्या नावाच्या वसाहतीतून मद्यार्काची गोष्ट सुरू करताना जरा संकोच वाटतो. पण आंबणाऱ्या साखरेला कुठे संकोच असतो!

कोल्हापूरकडच्या एक टन उसातून साधारण १२० किलो साखर निघते. रस आटवून, दाणा पाडून, यंत्रात फिरवून साखर वेगळी करायची; उरलेला चिकट पाक पुन्हा आटवायचा. असं तीनदा केल्यावर जो काळा पाक राहतो, त्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही. ही शेवटची मळी. शंभर टन उसामागे ती चार-साडेचार टन निघते. तिच्या वजनाच्या जवळजवळ निम्मी साखर तिच्यात अजून असते, फक्त ती दाण्याच्या रूपात हाती लागत नाही.

यीस्टला दाण्याशी कर्तव्य नाही. इथेच वेल्सची वाट आणि आपली वाट वेगळी होते. बार्लीत स्टार्च असतो आणि तो यीस्टला पचत नाही. म्हणून तिथे धान्य भिजवा, मोड आणा, भाजा, गरम पाण्यात ठेवून स्टार्चची साखर करा, अशी सगळी खटपट. उसाने ते काम शेतातच उरकलेलं असतं. मळीत पाणी घालून ती पातळ केली, यीस्ट सोडलं, की दीड-दोन दिवसांत सात ते दहा टक्के मद्यार्क तयार.

मग हीच आपली बिअर का झाली नाही? कारण हा द्रव तोंडात धरवत नाही. उसातले क्षार, आटवताना जळलेली साखर, चुना, गंधक हे सगळं मळीत साठलेलं असतं. बार्लीचा आंबवलेला काढा गाळून पिता येतो. मळीचा उकळून, वाफ धरून, ९५ टक्क्यांपर्यंत नेल्याशिवाय उपयोगाचा नाही. त्यामुळे ऊसपट्ट्यात ब्रुअरी आली नाही, डिस्टिलरी आली. महाराष्ट्रातली देशी दारू बव्हंशी या मळीच्याच स्पिरिटवर उभी राहिली. बिअरचे मोठे कारखाने निघाले ते औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतीत, कोरड्या मराठवाड्यात. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाला त्यांच्या पाण्यात कपात करायला लावावी लागली.

आता कायद्याकडे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला. पुढे बंदी सैल झाली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. कायद्याच्या नावात मात्र दारूबंदी आजही आहे. वेल्समध्येही असंच घडलं. चॅपलच्या धर्मोपदेशकांनी लावून धरलं आणि १८८१ च्या कायद्याने रविवारी पब बंद झाले. १९६१ पासून हा निर्णय दर सात वर्षांनी स्थानिक मतदानावर सोपवला. एकेक जिल्हा सुटत गेला. शेवटचा ड्वायवोर १९९६ मध्ये.

आपल्याकडचं मतदान म्हणजे ‘उभी बाटली, आडवी बाटली’: उभी म्हणजे गावातलं दारूचं दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मार्च २००८ च्या आदेशानुसार गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान लागतं. पण वेल्समध्ये झालेल्या मतांतलं बहुमत पुरायचं. इथे गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी मजुरीला गेली किंवा माहेरी होती, तिचं मत आपोआप दुकानदाराच्या पदरात. ही अट मला उघड अन्यायाची वाटते.

मळीला आता दारूपेक्षा मोठं गिऱ्हाईक मिळालं आहे, ते म्हणजे पेट्रोल; त्यात हाच मद्यार्क इथेनॉल या नावाने मिसळतात. शेवटच्या मळीच्या एका टनातून सव्वादोनशे लिटरच्या आसपास मद्यार्क निघतो. एक आटवण आधीच थांबून साखर सोडून दिली, म्हणजे ‘बी हेवी’ मळी घेतली, तर तीनशेच्या घरात. थेट रसच आंबवला तर टनभर उसाला सत्तर लिटर, पण मग साखर शून्य. कारखान्याच्या संचालकांपुढचा हिशेब हाच, आणि तो दिल्लीच्या एका कागदाने उलटतो. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, आठवडाभराने मर्यादा घालून ती सैल केली आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस उठवली. तोवर एक हंगाम गेला होता आणि ज्यांनी कर्ज काढून प्रकल्प उभारले त्यांचे हप्ते चालूच होते.

एक लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर तांबडं-काळं सांडपाणी निघतं. ते नदीत गेलं तर मासे मरतात, आटवून जाळलं तर राखेत पोटॅश मिळतं. पुढचा भाग त्या सांडपाण्यावर.