ठसका न लागलेला घोट

"बाबांना ठसका लागत नाही हो, म्हणजे गिळणं नीट आहे ना?" पक्षाघातातून सावरणाऱ्या रुग्णाच्या मुलाने विचारलं. स्पीच थेरपिस्टने नकारार्थी मान हलवली. गिळण्याचा प्रश्न बोलण्याच्या तज्ज्ञाकडे का येतो हेही मला ठाऊक नव्हतं, म्हणून परवानगी काढून तिच्यामागे पुण्यातल्या त्या रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात गेलो.

शिशाचे एप्रन चढवले, काकांना खुर्चीत बाजूला वळवून बसवलं. बेरियम घातलेलं पाणी चमच्यात. "काका, तोंडात धरा. आता गिळा."

पडद्यावर काळा घोट जिभेच्या मुळाशी आला. एरवी याच वेळी स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासमार्ग मिटतो, अन्ननलिकेचं तोंड उघडतं. "घशातलं हे सगळं एका सेकंदात," ती म्हणाली. 25 हून अधिक स्नायूंच्या जोड्या आणि एक सेकंद! काकांचं स्वरयंत्र उशिरा उचललं गेलं. एक बारीक रेघ स्वरतंतूंच्या खाली, श्वासनलिकेत उतरली. काका शांत. खोकला नाही, डोळ्यांत पाणी नाही. "झालं?" त्यांनी विचारलं, तेवढा आवाज ओलसर आला.

ती रेघ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. फुप्फुसात अन्न उतरून न्यूमोनिया होतो तो अशा बिनबोभाट घोटांनीही.

नाकातून दुर्बीण घालूनही घसा पाहता येतो, अगदी खाटेवर. पण गिळताना घसा आवळला की दुर्बिणीला फक्त पांढरं दिसतं. नेमका तोच एक सेकंद हुकतो. मला मात्र यंत्रांपेक्षा ती रुग्णांना विचारते तो पहिला प्रश्न धारदार वाटला: आधी काय अडलं, भाकरी की पाणी? आधी भाकरी, मग भात, मग पेज अडू लागली तर अन्ननलिका अरुंद होत असावी. कर्करोग नाही ना, हे एंडोस्कोपीने लगेच पाहायचं. सुरुवातीपासून दोन्ही छातीत अडत असेल तर अन्ननलिकेच्या हालचालीतच दोष, उदाहरणार्थ अ‍ॅकलेशिया. तिथे दाब मोजणारी मॅनोमेट्री. घोट घेतानाच घोटाळा होत असेल तर मेंदू, नसा, पार्किन्सन.

काकांना घट्ट केलेलं पाणी, हनुवटी छातीकडे झुकवून. या वेळी रेघ नाही. पडद्यापुरता हा विजय खराच, पण असलं पाणी नकोसं होऊन माणसं पाणीच कमी पितात, हे तिनेच सांगितलं.

"मग चहा?" मुलाने विचारलं.

"पावडर घालून, घट्ट. चमच्याने."

"चहा म्हणून खळ पाजणार का मला?" काका म्हणाले. तिने फेरतपासणीची तारीख लिहून दिली.