आज किती भरलं?

नोव्हेंबरात हिंगणीच्या शिवारात सगळे जण कापसातच असतात. सोयाबीन निघून गेलेलं, तूर फुलावर आलेली आणि पांढऱ्या झालेल्या पराटीत ओट्या बांधलेल्या बायांची रांग. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं हे गाव. बोर धरण आणि बोरचं जंगल इथून जवळ, त्यामुळे सुटीच्या दिवशी वाघ बघायला निघालेल्या गाड्या गावातून जातात. एरवी सकाळ शांत. ही शांतता हवी होती म्हणूनच मी महिनाभर मावशीकडे राहायला आले. तीस दिवसांत कादंबरीचा पहिला खर्डा लिहायचा, पन्नास हजार शब्दांचा, असं ठरवून.

हा आकडा माझा नाही. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने वीस मित्रमैत्रिणींना सोबत घेऊन एका महिन्यात कादंबरी लिहायचा खेळ मांडला. पुढच्या वर्षी तो जुलैतून नोव्हेंबरात आला आणि पाहता पाहता जगभर पसरला. तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली. आकडा मात्र लोकांच्या डोक्यात राहिला आहे : पन्नास हजार, म्हणजे रोज १,६६७ शब्द.

मी हाताने लिहिते. माझ्या लांब वहीच्या पानावर चोवीस ओळी, ओळीत आठ-नऊ शब्द, म्हणजे पानाला साधारण दोनशे. दिवसाला आठ पानं आणि वर थोडं. पहाटे पाचला बसायचं, साडेआठला उठायचं. दव उतरल्याशिवाय मावशी वेचणीला जात नाही, कारण ओला कापूस चालत नाही. त्यामुळे ती निघायच्या आत माझी निम्मी पानं झालेली असत.

पहिले दहा दिवस छान गेले. सोळा हजार शब्द झाले. अकराव्या दिवशी मी एक चूक केली. पहिल्या पानापासून वाचायला बसले. वाचता वाचता खोडलं, खोडता खोडता दोन पानं फाडली, आणि दुपारपर्यंत नायिकेचं बोलणं, तिचं घर, तिचा राग, सगळंच खोटं वाटायला लागलं. तो दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी वही उघडलीच नाही.

त्या तेराव्या दिवशी संध्याकाळी मी मावशीसोबत काट्यापाशी उभी होते. बायांची गाठोडी एकेक करून काट्याला लागत होती. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून काट्याकडे सगळ्यांचे डोळे. ‘किती भरला?’ हा तिथला एकच प्रश्न. मावशीचं गाठोडं उतरलं तेव्हा त्याच्या कोपऱ्यात एक वेगळी गाठ दिसली. विचारलं तर म्हणाली, “कवडी हाय ते.” कवडी म्हणजे किडीने खाल्लेला, डागाळलेला कापूस. चांगल्यात मिसळला तर भाव पडतो. पण कवडी निवडायला ती ओळीत मध्येच थांबत नाही. हात बोंडावरून पुढच्या बोंडावर जातो आणि डागी कापूस जाता जाता त्या गाठीत पडतो. फेकायचा नाही आणि त्यासाठी थांबायचंही नाही.

घरी येताना तिने मला तोच प्रश्न विचारला. “तुह्यं किती भरलं वं आज?”

मला उत्तर देता आलं नाही. रात्री हिशेब मांडला. झालेले सोळा हजार, राहिलेले चौतीस हजार, हातात सतरा दिवस. म्हणजे रोज दोन हजार. तीन दिवस वाया जाऊनसुद्धा रोजचा बोजा ३३३ शब्दांनीच वाढला होता, दीड-पावणेदोन पानांनी. मनात मात्र त्या तीन दिवसांचा डोंगर झाला होता. लिहिणाऱ्याची उमेद खचते ती बहुतेक वेळा अशा न मोजलेल्या भीतीने, असं मला आता वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून मी मागचं वाचणं बंद केलं. वाक्य फसलं की समासात ‘क’ लिहायचं, कवडीचा क, आणि पुढे जायचं. इस्पितळातला प्रसंग जमेना, तेव्हा अर्धं पान कोरं सोडून बाजाराचा प्रसंग लिहिला. सकाळी उठताना शेवटचं वाक्य अर्धंच ठेवायचं, म्हणजे उद्या कुठून सुरुवात करायची हा प्रश्न उरत नाही. आणि संध्याकाळी मावशीला आकडा सांगायचा. तिने माझं एक पानही वाचलं नाही. ती फक्त विचारायची. पण ती विचारणार आहे, हे पहाटे पाचला आठवलं की पांघरूण दूर व्हायचं.

दस्तयेवस्कीच्या गोष्टीत मला हेच दिसतं. १८६६ साली त्याला १ नोव्हेंबरपर्यंत कादंबरी द्यायची होती. ती न दिल्यास त्याच्या पुस्तकांचे हक्क नऊ वर्षं प्रकाशकाकडे फुकट जाणार होते. ‘जुगारी’ त्याने सव्वीस दिवसांत पुरी केली. या कहाणीत लोक त्या कराराची दहशत सांगतात. माझ्या मते त्याला तारलं ते वीस वर्षांच्या लघुलेखिका ॲनाने. ती रोज यायची, सांगितलेलं उतरवून घ्यायची, दुसऱ्या दिवशी स्वच्छ पानं आणायची. किती पानं झाली ते मोजताना त्याला धीर येत गेला. कराराची तारीख महिनाभर लांब होती, ॲना मात्र उद्याच येणार होती.

आपल्याकडे साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली. नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये पंधरवड्याच्या आसपास लिहून झाली. पण या आकड्यांशी कुणी स्वतःला तोलू नये. त्या दोघांच्या आत ते वर्षानुवर्षं साठलेलं होतं. मला त्यापेक्षा विनोबांच्या ‘गीताई’चा वेग आधार देतो. वर्ध्यात ७ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे सुरू झालेलं ते काम ६ फेब्रुवारी १९३१ ला संपलं. सातशे श्लोक, १२३ दिवस, म्हणजे दिवसाला सहासुद्धा नाहीत. पहाट मात्र ठरलेली.

तुम्ही असा महिना ठरवणार असाल तर वही घेण्याआधी एक माणूस शोधा. साहित्य कळणारं नसलं तरी चालेल. रोज संध्याकाळी न विसरता आकडा विचारणारं हवं.

३० नोव्हेंबरला माझी बेरीज ५०,२१० झाली. त्याच आठवड्यात मावशीच्या शेतातला पहिला वेचा संपला. पराटीला अजून हिरवी बोंडं होती, दुसरा वेचा व्हायचा होता. माझ्या वहीचा दुसरा वेचा मी जानेवारीत सुरू केला. आधी समासातले ‘क’ मोजले. २१४ निघाले.