खोडरबर घरी ठेवा!

शाळा संपवून तुम्ही विज्ञानाच्या पदवीवर्गात जाल, तेव्हा भौतिकीच्या प्रयोगशाळेचे काही नियम तुम्हांला सांगितले जातील. प्रयोगाची माहिती आधी वाचून या. विजेची जोडणी शिक्षकांनी तपासल्याशिवाय कळ दाबू नका. उपकरणाचे लघुत्तम माप नोंदवा. या नियमांची कारणे सहज पटतात. पण एक नियम अनेकांना जाचक वाटतो. निरीक्षणे थेट वहीत, शाईने लिहा. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारा, मात्र खालचा आकडा वाचता आला पाहिजे! हा आग्रह कशासाठी?

साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. लंबकाची लांबी म्हणजे टांगणीच्या बिंदूपासून गोलकाच्या मध्यापर्यंतचे अंतर. समजा, एका विद्यार्थ्याने नुसता दोराच मोजला आणि गोलकाची १ सें.मी. त्रिज्या धरायची राहिली. खरी लांबी १०० सें.मी. असताना त्याने ९९ लिहिली. २० आंदोलनांना ४०.१६ सेकंद लागले. या आकड्यांवरून गुरुत्वत्वरण येते ९.६९ मीटर प्रति सेकंद वर्ग. मुंबई-पुण्याकडे ते सुमारे ९.७९ असते.

आता मोह होतो. ४०.१६ खोडून ३९.९६ केले की उत्तर बरोबर ९.७९! पण काय झाले पाहा. वेळ अचूक होती, ती बिघडवली. लांबी चुकली होती, ती तशीच राहिली.

त्याऐवजी त्याने खरी निरीक्षणे ठेवली, आणखी चार-पाच लांब्यांसाठी काळजीपूर्वक वेळ मोजली आणि लांबी व आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख काढला, तर? रेषा सरळ येईल, पण आरंभबिंदूतून जाणार नाही. लांबीच्या अक्षाला ती उणे १ सें.मी.च्या आसपास छेदेल. हीच ती हरवलेली त्रिज्या! शिवाय रेषेच्या चढावरून गुरुत्वत्वरणही बरोबर मिळेल.

मोठ्या शास्त्रज्ञांनाही हाच न्याय लागू पडतो. अमेरिकेत रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवर प्रयोग करून इलेक्ट्रॉनचा विद्युत्‌भार मोजला. त्यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेले मूल्य आजच्या मूल्यापेक्षा सुमारे ०.६ टक्के कमी होते. पुढे १९३० नंतरच्या दशकात क्ष-किरणांच्या साहाय्याने काढलेला आकडा त्याच्याशी जुळेना. शोध घेतल्यावर कारण सापडले : हवेच्या श्यानतेचे, म्हणजे पडत्या थेंबाला अडवणाऱ्या गुणाचे, मूल्यच किंचित कमी धरले गेले होते. मूळ मापने नोंदलेली असल्यामुळे दुरुस्ती करता आली. मिलिकन यांच्या वह्याही जपून ठेवलेल्या आहेत. लेखात न घेतलेले थेंबही त्यांत दिसतात. म्हणूनच ते का वगळले, याची छाननी पुढच्या अभ्यासकांना करता आली.

तेव्हा मागील वर्षीचे जर्नल उतरवू नका आणि पुस्तकातले उत्तर आधी ठरवून आकडे बसवू नका. उत्तर वेगळे आले तर ते तसेच लिहा. मापनात किती त्रुटी संभवते ते काढा आणि फरकाचे कारण शोधा. शिक्षकांनीही गुण देताना उत्तराआधी नोंदी पाहाव्यात. गुरुत्वत्वरणाचे मूल्य पुस्तकात छापलेलेच आहे. आपली चूक आपण कशी पकडावी, हे मात्र प्रयोगाच्या टेबलापाशीच शिकायला मिळते.